बरणीतली स्पर्धा, बरणीतली शिकार: प्रजातींमधली नाती छोट्या प्रतिरूपांत कशी अभ्यासायची – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोल्हापूर आणि आसपासच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी, प्रकल्प करून घेणारे शिक्षक आणि घरच्या घरी प्रयोग करणारे निसर्गप्रेमी यांच्यासाठी आहे. इथल्या प्रयोगांचं बहुतेक साहित्य लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात, स्वयंपाकघरात, शेतात किंवा तळ्याच्या काठावर मिळतं. सूक्ष्मदर्शक फक्त दोन-तीन ठिकाणी लागतो.

प्रतिरूप प्रणाली म्हणजे काय?

खऱ्या शेतात किंवा तळ्यात शेकडो जाती एकाच वेळी एकमेकींवर परिणाम करत असतात. त्यातल्या दोन-तीनच जाती उचलून आपल्याला मोजता येईल अशा जागेत ठेवायच्या, अन्न, पाणी, उजेड आणि तापमान शक्य तितकं ठरावीक ठेवायचं आणि कोणाची संख्या कशी बदलते ते पाहायचं. ही झाली प्रतिरूप प्रणाली. पिठाची बाटली, चवळीची डबी, पाण्याचा पेला, मावा लागलेली एखादी फांदी, यांपैकी काहीही चालतं. मात्र त्या जागेत जन्म, मृत्यू आणि खाणं खरोखर घडायला हवं. सुटे मृत नमुने मांडून ठेवलेली पेटी प्रतिरूप होत नाही.

इतकं सोपं केल्यावर निसर्गाबद्दल काही कळतं का?

कळतं, पण विचारलेल्या प्रश्नापुरतंच. ‘या दोन जाती एकाच अन्नावर राहिल्या तर एक दुसरीला संपवू शकते का’ याचं उत्तर बरणी स्वच्छ देते. ‘मग शेतात दोन्ही का दिसतात’ याचं उत्तर ती देत नाही, पण कुठे शोधायचं ते दाखवते, कारण बरणीतून आपण काय काय काढून टाकलं ते आपल्याला माहीत असतं. काढलेल्या गोष्टी एकेक करून परत घालायच्या आणि कोणती घातल्यावर निकाल फिरतो ते पाहायचं. या कामातला खरा आनंद तोच आहे, आणि खालचे जवळपास सगळे प्रयोग याच पद्धतीने मांडले आहेत.

सुरुवात कोणत्या प्रयोगाने करावी?

वेळ बघून ठरवा. एका दिवसात निकाल हवा असेल तर ढालकिडा आणि मावा. तीन आठवडे असतील तर डकवीड, म्हणजे पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढ्या पानांची वनस्पती. दोन-तीन महिने असतील तर चवळीतला भुंगा. पूर्ण सत्र हाताशी असेल तर पिठातले भुंगेरे. पॅरामेशियम हा पाण्यातला एकपेशीय जीव दिसायला सगळ्यांत सुंदर, पण नवख्याच्या हातात सगळ्यांत जास्त वेळा बिघडतं, म्हणून तो दुसऱ्या वर्षासाठी ठेवावा.

दोन जाती एकत्र ठेवायच्या आहेत. मग एकेकटीच्या बरण्या कशासाठी?

प्रकल्प वहीत सगळ्यांत जास्त वेळा हीच चूक सापडते. दोन जाती एकत्र ठेवल्या, एक कमी झाली, आणि निष्कर्ष लिहिला की दुसरीने तिला हरवलं. पण ती एकटी असती तरी कमी झालीच असती का? तापमान तिला मानवत नसेल, पिठात औषध असेल, आणलेल्या सगळ्या माद्या म्हाताऱ्या असतील. एकेकटीची बरणी नसेल तर यातलं काहीही नाकारता येत नाही. अशा प्रयोगातून नात्याबद्दल एक अक्षरही सिद्ध होत नाही, मग संख्या कितीही काळजीपूर्वक मोजलेल्या असोत.

मांडणी दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात एकूण संख्या सारखी ठेवायची: ‘अ’चे २०, ‘ब’चे २०, आणि मिश्र बरणीत दोन्हींचे १०-१०. दुसऱ्या प्रकारात भर घालायची: एकटीचे १० आणि मिश्र बरणीत १० अधिक १०. पहिल्या मांडणीतून कळतं की ‘अ’ला आपल्याच जातीची गर्दी जास्त नडते की ‘ब’ची. दुसरीतून कळतं की ‘ब’ आल्यामुळे ‘अ’चं किती नुकसान झालं, पण तिथे एकूण गर्दीही वाढलेली असते. जागा असेल तर २०, १० आणि १० अधिक १० अशा सगळ्याच बरण्या ठेवा म्हणजे दोन्ही तुलना होतात.

आकडेमोडीचं एक उदाहरण. समजा ‘अ’ एकटी वाढून २०० वर स्थिरावली. मिश्र पेल्यात ती १२० वर थांबली आणि तिथे ‘ब’चे १६० होते. म्हणजे ‘ब’च्या १६० जणांनी ‘अ’च्या ८० जणांची जागा अडवली, आणि ८० ला १६० ने भागून ०.५ आले. ‘अ’च्या दृष्टीने ‘ब’चा एक जीव तिच्या स्वतःच्या अर्ध्या जिवाइतका भार टाकतो. हा हिशोब संख्या स्थिर झाल्यावरच करायचा. वाढ चालू असताना काढलेला आकडा दर आठवड्याला बदलत राहतो.

पिठातल्या भुंगेऱ्यांची स्पर्धा नेमकी कशी लावायची?

दोन जाती लागतात. एक तांबडा भुंगेरा, म्हणजे ट्रायबोलियम कॅस्टेनियम. हा तीन-चार मिलिमीटरचा तांबूस तपकिरी किडा जुन्या पिठात हमखास सापडतो. दुसरी ओरायझेफिलस सुरीनामेन्सिस, अडीच-तीन मिलिमीटरचा, चपटा आणि सडपातळ. भिंगाखाली त्याच्या मानेमागच्या भागाच्या दोन्ही कडांना करवतीसारखे सहा-सहा दात दिसतात. रवा, दलिया, सुका मेवा यांत तो सापडतो. ही जोडी घेण्याचं कारण असं की १९४० च्या दशकात ए. सी. क्रॉम्बी यांनी ओरायझेफिलस आणि ट्रायबोलियमची एक सख्खी जात (ट्रायबोलियम कन्फ्यूजम) यांच्यावर असेच प्रयोग केले. नुसत्या पिठात ट्रायबोलियमने ओरायझेफिलसला संपवलं, पण पिठात काचेच्या बारीक नळ्या टाकल्यावर दोन्ही टिकले. एवढ्याशा बदलाने निकाल का फिरला, ते या प्रयोगात स्वतः पाहता येतं.

पीठ: गव्हाचं साधं पीठ मैद्याच्या बारीक चाळणीतून आधीच चाळून घ्या. ही पायरी गाळू नका. आता कोंडा काढला की पुढे मोजणीच्या वेळी त्याच चाळणीवर जे उरेल ते किड्यांचंच असेल: अंडी, अळ्या, कोष, प्रौढ. चाळलेल्या ९५ ग्रॅम पिठात ५ ग्रॅम ड्राय यीस्ट मिसळा. नुसत्या पिठावर अळ्या जगतात, पण वाढ सावकाश आणि असमान होते. हे मिश्रण घट्ट बांधलेल्या पिशवीत सात दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे आधीची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण सामान्य तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर बाहेरची दमट हवा गार पिठावर पाणी धरते आणि चार दिवसांत बुरशी येते.

बाटल्या: रुंद तोंडाच्या काचेच्या छोट्या बाटल्या, प्रत्येकीत २० ग्रॅम मिश्रण. तोंडाला दाट विणीचं सुती कापड आणि वर रबर. प्लास्टिकचं भोकं पाडलेलं झाकण नको, कारण ओरायझेफिलस आश्चर्य वाटेल इतक्या बारीक फटीतून निघून जातो.

किडे: प्रत्येक जातीची आधी वेगळी पैदास करा. प्रौढांना पिठात एक आठवडा ठेवून काढून टाका आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेले नवे प्रौढच प्रयोगात घ्या, म्हणजे सगळे एका वयाचे होतात. ३० अंशांच्या आसपास ट्रायबोलियमला अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण चार आठवडे लागतात. नर-मादी ओळखणं प्रौढांपेक्षा कोषात सोपं असतं: मादीच्या कोषाच्या टोकाशी पोटाकडून दोन ठळक बोटांसारखे उंचवटे दिसतात, नरात ते अगदी बारीक असतात. कोष ओळखणं जमलं नाही तर गटातून न निवडता २० प्रौढ उचला, नर-माद्या साधारण निम्म्या-निम्म्या येतात.

आसरा: रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत वितळणबिंदू काढायला वापरतात त्या केशनळ्या घ्या. आतली पोकळी साधारण एक मिलिमीटर. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे, दोन्ही टोकं उघडी, प्रत्येक बाटलीत पंधरा. ज्या बाटल्यांत नळ्या नाहीत त्यांत त्याच मापाच्या भरीव काचकांड्या घाला, म्हणजे फरक फक्त पोकळीचा राहील, काचेने अडवलेल्या जागेचा नाही. ट्रायबोलियमचा प्रौढ या नळीत शिरू शकत नाही. ओरायझेफिलसची अळी शिरते आणि आतच कोषात जाते.

मोजणी: दर ३० दिवसांनी. पीठ चाळा, नळ्या तपासा, प्रौढ आणि मोठ्या अळ्या वेगळ्या मोजा, आणि सगळ्यांना २० ग्रॅम ताज्या मिश्रणात परत सोडा. चाळणीवरची अंडी फेकू नका, तीही परत घाला. नवखे लोक जुनं पीठ किड्यांच्या अंड्यांसकट टाकून देतात आणि दुसऱ्या महिन्यात संख्या का कोसळली हे शोधत बसतात.

पाहायचं काय? पिठासाठीची भांडणं नव्हेत. पीठ भरपूर असताना देखील ओरायझेफिलस कमी होतो, कारण ट्रायबोलियमचे प्रौढ आणि अळ्या दुसऱ्या जातीची अंडी आणि कोष खातात. नाव स्पर्धेचं असलं तरी आत शिकारही चालू असते. कोष ही न हलणारी, मऊ अवस्था. नळीने नेमकी तीच वाचवली. हवं असेल तर एका छोट्या डबीत थोडं पीठ, ओरायझेफिलसचे दहा कोष आणि ट्रायबोलियमचे पाच प्रौढ दोन दिवस ठेवून पाहा. शेजारच्या डबीत फक्त दहा कोष. कुरतडलेली कातडी भिंगाखाली स्पष्ट दिसते.

पिठाला उग्र वास येतो, रंग गुलाबीसर होतो. प्रयोग बिघडला का?

ट्रायबोलियमचे प्रौढ क्विनोन नावाची रसायनं सोडतात. गर्दी वाढली की पिठाला तोच वास आणि रंग येतो आणि अशा पिठात अंडी घालणं कमी होतं. म्हणजे तोही जातींमधल्या नात्याचाच भाग आहे. मात्र एका बाटलीचं पीठ तीस दिवसांनी आणि दुसरीचं पंचेचाळीस दिवसांनी बदललं तर तुलना संपली. सगळ्या बाटल्या एकाच दिवशी बदला आणि हे काम करताना मास्क लावा. पिठाची आणि किड्यांच्या सालपटांची धूळ दम्याच्या माणसाला त्रास देते.

पावसाळ्यात बाटल्यांत पांढरी हलती धूळ दिसते. ती काय?

पिठातल्या कोळीवर्गीय सूक्ष्म किडी, म्हणजे माइट्स. जून ते सप्टेंबर इथली हवा दमट असते आणि तेव्हा त्या झपाट्याने वाढतात. लागण झालेली बाटली वाचवायचा प्रयत्न करू नका, लगेच कपाटाबाहेर काढा. बाकीच्या बाटल्या साबणाच्या पाण्याने भरलेल्या ट्रेमध्ये, पाण्याच्या वर उभ्या केलेल्या फळीवर ठेवा. फळीच्या पायांना व्हॅसलिन लावलं तर मुंग्याही चढत नाहीत. एका बाटलीतून दुसरीत जाताना ब्रश आणि चाळणी बदला किंवा गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

वातानुकूलित खोली नाही. कोल्हापूरच्या हवेत हे प्रयोग होतात का?

होतात, पण तापमान हा प्रयोगाचाच भाग मानावा लागतो. थॉमस पार्क यांनी शिकागोत ट्रायबोलियम कॅस्टेनियम आणि ट्रायबोलियम कन्फ्यूजम या दोन सख्ख्या जाती एकत्र ठेवल्या. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत कॅस्टेनियम जिंकला. २४ अंश आणि ३० टक्क्यांत कन्फ्यूजम जिंकला. मधल्या स्थितींत कधी हा, कधी तो. त्याआधी १९४८ मध्ये त्यांनी दाखवलं होतं की अ‍ॅडेलिना नावाचा एकपेशीय परजीवी पिठात असला की बहुतेक वेळा कन्फ्यूजम जिंकतो, आणि तो काढून टाकला की पारडं कॅस्टेनियमकडे झुकतं. तेव्हा मार्चमध्ये लावलेल्या बाटल्यांची तुलना डिसेंबरच्या बाटल्यांशी करू नका.

खोलीचं तापमान सावरायला साधा उपाय: थर्माकोलचा मासे वाहून न्यायचा खोका, आत झाकण लावलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक डिजिटल तापमापक-आर्द्रतामापक. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं, त्यामुळे दिवस-रात्रीचा फरक कमी होतो. सकाळी आणि दुपारी, ठरलेल्या वेळी, दोन्ही आकडे लिहा. निकाल समजावून सांगताना याच नोंदी कामाला येतात.

सहा बाटल्यांपैकी चारमध्ये एक जात जिंकली, दोनमध्ये दुसरी. कुठे चुकलं?

चुकलं असेलच असं नाही. पार्क यांच्या मधल्या स्थितींतही असंच झालं होतं. संख्या थोड्या असताना सुरुवातीला कोणाच्या माद्या आधी अंडी घालतात, कोणाचे कोष आधी खाल्ले जातात, यातला योगायोग शेवटपर्यंत वाढत जातो. म्हणूनच प्रत्येक प्रकारच्या किमान पाच-सहा बाटल्या लागतात. दोन बाटल्यांवरून काढलेली सरासरी पोकळ असते. एका मोठ्या बरणीत दहापट किडे ठेवणं हा पर्याय नाही. ती एकच बरणी, म्हणजे एकच उदाहरण.

बाटल्यांची जागाही चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळ्या मिश्र बाटल्या खिडकीकडे आणि सगळ्या एकट्या भिंतीकडे ठेवल्या तर तुम्ही खिडकी मोजताय, किडे नव्हे.

डकवीडवर प्रयोग कसा करतात?

तळ्यावर, ओढ्यात, गुरांच्या पाण्याच्या टाकीत टिकलीएवढ्या हिरव्या पानांची तरंगती चादर दिसते. तिला लोक शेवाळ म्हणतात, पण ती फुलं येणारी वनस्पती आहे. मोठं पान, खालून जांभळट आणि मुळांचा झुबका असेल तर स्पायरोडेला. लहान पान आणि एकच मूळ असेल तर लेम्ना. या दोघी शेजारी शेजारी मिळतात आणि स्पर्धेसाठी उत्तम.

आणल्यावर पानं स्वच्छ पाण्यात पाच-सहा वेळा खळबळून धुवा, नाहीतर गोगलगायींची अंडी, मावा आणि शेवाळाचे तंतू बरोबर येतात. नळाचं पाणी २४ तास उघडं ठेवून क्लोरीन जाऊ द्या. त्यात एका लिटरला ०.१ ग्रॅम १९:१९:१९ हे विद्राव्य खत टाका. घरच्या काट्यावर इतकं कमी वजन नीट येत नाही, म्हणून १० ग्रॅम खत एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातलं १० मिलिलिटर प्रत्येक लिटरला घ्या. २५० मिलिलिटरच्या पेल्यात २०० मिलिलिटर द्रावण. पेल्याच्या बाजूंना काळा कागद गुंडाळा. उजेड फक्त वरून आला तर हिरवं शेवाळ पाण्यात माजत नाही. या प्रयोगाची सगळ्यांत जास्त नासाडी शेवाळ करतं आणि त्यावर कागदाइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

दर दोन दिवसांनी वरून सरळ फोटो काढा आणि पानं फोटोवर मोजा. कळीसारखं बाजूने डोकावणारं पान मोजायचं की नाही ते पहिल्याच दिवशी ठरवून वहीत लिहा. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी साध्या, खत नसलेल्या पाण्याने भरा. वाढीचा दर काढायला दोन मोजण्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग घ्या आणि दिवसांनी भागा. १० पानांची ९ दिवसांत ८० झाली, तर ८ चा लॉग २.०८, भागिले ९ म्हणजे दिवसाला ०.२३. याचा अर्थ तीन दिवसांत दुप्पट.

इथली मोठी गंमत म्हणजे एकटीने जोरात वाढणारी जात मिश्र पेल्यात जिंकेलच असं नाही. जे. एल. हार्पर यांच्या डकवीडवरच्या प्रयोगांत एकट्याने सावकाश वाढणारी लेम्ना गिब्बा सोबत ठेवल्यावर वरचढ ठरली होती. तिच्या पानांत हवेच्या पोकळ्या असतात, ती फुगून वर राहते आणि शेजारणीवर सावली धरते. तेव्हा पेले पूर्ण भरून पानं एकमेकांवर चढेपर्यंत थांबा. मोकळ्या पाण्यावरच मोजणी थांबवली तर तुम्ही वाढ मोजली, स्पर्धा नाही.

पेल्यांत डास झाले तर?

होऊ देऊ नका. उघडं साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. प्रत्येक पेल्यावर मच्छरदाणीचं कापड आणि रबर हवंच. अळ्या दिसल्या तर गाळून काढा आणि नोंद करा, कारण त्या पाण्यातले सूक्ष्मजीव खातात आणि निकाल बदलतात. पाण्यात कीटकनाशक टाकलेला पेला मोजणीतून बाद.

चवळीतल्या भुंग्यावर काय करता येतं?

कॅलोसोब्रुकस हा भुंगा इतका सोयीचा आहे की जगभर प्रयोगशाळांत वापरतात. मादी दाण्यावर पांढरट अंडं चिकटवते, ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. अळी दाण्याच्या आत वाढते आणि प्रौढ गोल भोक पाडून बाहेर येतो. प्रौढाला खायला काही लागत नाही, तो साधारण दीड-दोन आठवडे जगतो. तीन-साडेतीन आठवड्यांत पिढी पूर्ण.

मात्र दाणे निवडून घ्या. दुकानातल्या कडधान्याला धुरी दिलेली असू शकते, आणि घरच्या साठवणीतल्या मुगाला, चवळीला एरंडेल तेल चोळलेलं असतं. तेलाने अंड्यांचा श्वास कोंडतो, म्हणून तर आपल्याकडे ते चोळतात. अशा दाण्यांवर प्रयोग उभाच राहत नाही. शेतकऱ्याकडून औषध न मारलेली चवळी आणा, सात दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि आधी दहा दाण्यांवर दोन जोड्या सोडून अंडी उबतात का ते तपासा. एरंडेल चोळलेले आणि न चोळलेले दाणे शेजारी ठेवून तुलना केली तर तोच एक छान प्रयोग होतो.

स्पर्धेसाठी साधी मांडणी: एका डबीत ५० दाणे आणि एक जोडी, दुसरीत ५० दाणे आणि पाच जोड्या, तिसरीत ५० दाणे आणि दहा जोड्या. दाण्यावर किती अंडी पडली आणि किती प्रौढ निघाले, हे दाणानिहाय लिहा. एका दाण्यावर सात-आठ अंडी असली तरी त्यातून सगळे बाहेर येत नाहीत. आतली झुंज दिसत नाही, पण हिशोबात उतरते.

भुंग्याच्या अळीवर वाढणारी बारीक परोपजीवी माशी कधी कधी जुन्या किडक्या चवळीतून आपोआप निघते. ती टाकून देऊ नका. जपानमध्ये स्युनरो उतिदा यांनी भुंगा आणि परोपजीवी यांना एकत्र ठेवून दोघांच्या संख्यांचे चढ-उतार अनेक पिढ्या नोंदवले. पण स्पर्धेच्या डब्यांत ती शिरली तर सगळा निकाल फिरतो, म्हणून तिची पैदास वेगळ्या खोलीत.

पॅरामेशियमचा प्रयोग सारखा फसतो. का?

कारण बहुतेक वेळा आपण फक्त पॅरामेशियम सांभाळतो, त्याचं अन्न असलेले जिवाणू सांभाळायला विसरतो. भाताचा स्वच्छ पेंढा १० ग्रॅम, एक लिटर पाण्यात २० मिनिटं उकळा, गाळा, एक-दोन दिवस झाकून ठेवा. पाणी किंचित गढूळ झालं की जिवाणू आले. मगच पॅरामेशियम सोडा. उकळल्या उकळल्या सोडलं तर ते उपाशी मरतं, आणि पाच-सहा दिवस शिळ्या, दाट, कुबट पाण्यात सोडलं तर प्राणवायूअभावी मरतं. आरओचं पाणी वापरू नका, त्यात क्षारच नसतात.

मोजायला पाणी हलक्या हाताने ढवळा, अर्धा मिलिलिटर घ्या, आयोडीनचा एक थेंब टाका आणि काचपट्टीवर थेंब थेंब मोजा. न ढवळता वरून घेतलेला नमुना खोटं सांगतो, कारण पॅरामेशियम पृष्ठभागाजवळ जमतात. मॉस्कोत जी. एफ. गॉझ यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पॅरामेशियम ऑरेलिया या जातीने पॅरामेशियम कॉडेटम या जातीला संपवलं. पण कॉडेटम आणि हिरवं पॅरामेशियम बर्सारिया मात्र एकाच नळीत टिकले, कारण एक वरच्या पाण्यातले जिवाणू खात होतं आणि दुसरं तळाशी बसलेलं यीस्ट. पोटात हिरवं शैवाल बाळगत असल्यामुळे बर्सारियाला तळाच्या कमी प्राणवायूतही निभावता येतं.

भक्षक-भक्ष्य एकत्र ठेवले की दोघेही संपतात. पुस्तकातले चढ-उतार का दिसत नाहीत?

गॉझ यांनाही पहिल्यांदा दिसले नाहीत. डिडिनियम हा पॅरामेशियमला आख्खा गिळणारा जीव. स्वच्छ नळीत त्याने सगळे पॅरामेशियम खाल्ले आणि मग स्वतः उपाशी मेला. तळाशी गाळ ठेवल्यावर पॅरामेशियम गाळात लपले, डिडिनियम उपाशी मेला आणि पॅरामेशियम पुन्हा वाढले. दर तिसऱ्या दिवशी बाहेरून दोन्ही जातींचा एकेक जीव घातल्यावरच चढ-उतार दिसले. १९७३ मध्ये लकिनबिल यांनी मिथाइल सेल्युलोज घालून पाणी घट्ट केलं, दोघांचंही पोहणं मंदावलं, भेटी कमी झाल्या, आणि त्याला अन्नाच्या कपातीची जोड दिल्यावर सोबत बरीच लांबली.

कॅलिफोर्नियात हफेकर यांनी १९५८ मध्ये हेच संत्र्यांवर दाखवलं: संत्री खाणारे माइट्स, त्यांना खाणारे माइट्स, मध्ये व्हॅसलिनचे अडथळे, आणि भक्ष्य माइट्सना धाग्यावरून उडून दुसरीकडे जाता यावं म्हणून उभ्या काड्या. जागा अशी तुटक केल्यावरच दोघे तीन चढ-उतारांपर्यंत टिकले.

तेव्हा तुमच्या पेल्यात दोघेही संपले तर तो निकाल खरा आहे, तसाच लिहा. मग एकच गोष्ट बदला: गाळ, घट्टपणा, किंवा चार पेले नळीने जोडणं. दोन गोष्टी एकदम बदलू नका.

ढालकिडा दिवसाला किती मावा खातो, हे कसं काढायचं?

ढालकिड्याला २४ तास उपाशी ठेवा, पाण्याचा ओला कापूस द्या. पेट्री डिशमध्ये ओल्या टिपकागदावर चवळीचं एक पान आणि त्यावर ५, १०, २०, ४० किंवा ८० मावा. प्रत्येक संख्येच्या पाच डिश. एका डिशमध्ये एकच ढालकिडा, सगळे एकाच जातीचे आणि शक्य तर सगळ्या माद्या. २४ तासांनी उरलेले मोजा. प्रत्येक संख्येसाठी ढालकिडा नसलेली डिशही हवी, कारण मावा मरतो आणि पिल्लंही घालतो. पंख नसलेली, जवळपास सारख्या आकाराची पिल्लंच घेतली तर प्रजननाची गडबड कमी होते.

आलेख सरळ वर जात नाही, वाकतो. प्रत्येक मावा पकडून खायला ठरावीक वेळ लागतो, म्हणून भक्ष्य कितीही वाढलं तरी खाण्याला कमाल मर्यादा येते. वर्गात हे दाखवायला सी. एस. हॉलिंग यांचा १९५९ चा प्रयोग करा: तीन फूट चौरस टेबलावर ४ सेंटिमीटरच्या सँडपेपरच्या चकत्या टाचा, एकाचे डोळे बांधा, बोटाने टेबलावर टपटप करत एका मिनिटात सापडेल ती चकती उचलून बाजूला ठेवायची. चकत्यांची संख्या वाढवत न्या. दहा मिनिटांत तोच वाकलेला आलेख फळ्यावर येतो.

रंकाळ्यातलं किंवा पंचगंगेतलं केंदाळ (जलपर्णी) बरणीत अभ्यासता येईल का?

काही भाग येईल. बादलीत सांडपाण्याचं प्रमाण बदलून केंदाळ किती वेगाने पसरतं, त्याखाली डकवीड किंवा पाण्यातली बुडीत वनस्पती टिकते का, हे वीस लिटरच्या बादल्यांत छान कळतं. १९८० च्या दशकात केंदाळ खाणारे निओचेटिना भुंगे भारतात आणले गेले. पानावर त्यांनी ओरबाडलेले चौकोनी ठिपके दिसले तर त्याच्या नोंदीही घेता येतात. पण पूर, नदीचा ओघ, काठावरून उपसलेलं आणि खालच्या बंधाऱ्यावर अडकलेलं केंदाळ बादलीत येत नाही. बादलीवरून तळ्याचा उपाय सांगायला जाऊ नका. घाणीच्या पाण्यात हात घालताना रबरी हातमोजे आणि नंतर साबण.

परवानगी लागते का?

घरातल्या धान्यातल्या किडी आणि स्वतःच्या शेतातला मावा यांसाठी कोणी अडवत नाही. राधानगरीसारख्या अभयारण्यातून काहीही उचलायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या.

प्रयोग संपल्यावर जीवांचं काय करायचं?

बाहेर सोडायचे नाहीत, अपवाद फक्त स्थानिक ढालकिड्यांचा. पिठाच्या आणि चवळीच्या बाटल्या बंद पिशवीत सात दिवस फ्रीझरमध्ये, मग कचऱ्यात. ढालकिडे स्थानिक असतील तर जिथून आणले त्याच शेतात. डकवीड आणि केंदाळ फरशीवर उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवा आणि मगच खताच्या खड्ड्यात टाका. तळ्यातून आणलेलं असलं तरी परत तळ्यात नाही, कारण तुमच्या पेल्यात दुसऱ्या ठिकाणचं काय मिसळलं ते आता सांगता येत नाही. पेंढ्याचं पाणी उकळून मोरीत. कापडं गरम पाण्यात, बाटल्या ओव्हनमध्ये किंवा कडक उन्हात, आणि चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही अशी खूण करून वेगळी ठेवा.